व्हीपीसीमधे सबनेट पाडताना: आधी चौकटीची वही, मग कन्सोल

मागच्या सोमवारी टीममधे नवीन आलेली मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्या डेस्कपाशी आली. स्क्रीनवर व्हीपीसी (क्लाऊडमधलं आपलं खासगी नेटवर्क, त्याचे पाडलेले तुकडे म्हणजे सबनेट) बनवायचं पान उघडं, आणि विचारते, "दादा, या सायडरच्या रकान्यात काय टाकू? सगळ्या व्हिडिओत १०.०.०.०/१६ टाकतात, तेच टाकू का?" (सायडर म्हणजे आयपी पत्त्यांची रेंज लिहायची पद्धत, स्लॅशपुढचा आकडा रेंज केवढी ते सांगतो.) मी म्हटलं आत्ता काहीच टाकू नकोस, आधी वही काढ. हिंजवडीच्या ऑफिसात कागद मिळणं पण अवघड झालंय, शेवटी ॲडमिनकडून मुलांची असते तसली चौकटीची वही आणली, चहा घेतला आणि तासभर नुसते चौकोन रंगवत बसलो. कन्सोलवरचं काम त्यानंतर अर्ध्या तासात झालं. तो तास आणि तो अर्धा तास, दोन्ही इथे लिहून काढतोय, कारण बहुतेक ठिकाणी फक्त अर्धा तासच शिकवतात.

उदाहरण एडब्ल्यूएसचं, म्हणजे ॲमेझॉनच्या क्लाऊडचं घेतोय, मुंबई रीजन, म्हणजे एपी-साऊथ-१. ॲझ्युर (मायक्रोसॉफ्टचा क्लाऊड) आणि गूगलवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं लिहिलंय.

वही का लागते

तळेगाव, मुळशी, शिरवळ कुठेही जा, शेतजमिनीचे प्लॉट पाडलेले दिसतात. चांगला माणूस असेल तर आधी लेआऊट काढतो, रस्ता किती, ओपन स्पेस किती, पाण्याची टाकी कुठे, आणि मग खुंट्या ठोकतो. काही ठिकाणी मात्र आधी प्लॉट विकतात आणि रस्त्याचं नंतर बघतात, मग पुढे वीस वर्षं त्या गल्लीत टेम्पो शिरत नाही. सबनेटचं अगदी हेच आहे. एडब्ल्यूएसमधे सबनेट एकदा बनवला की त्याची रेंज बदलता येत नाही, मोठा पण करता येत नाही आणि लहान पण नाही. डिलीट करून परत बनवायचा म्हटलं तर त्यात एक जरी नेटवर्क इंटरफेस (मशीनचं नेटवर्कला जोडलेलं टोक) जिवंत असेल तरी डिलीट होत नाही. व्हीपीसीचा पहिला ब्लॉक पण तसाच, जास्तीचे ब्लॉक नंतर जोडता येतात पण पहिला आहे तो आहे.

हे मला बाणेरच्या आधीच्या कंपनीत कळलं. आमची एक व्हीपीसी होती आणि नुकत्याच आमच्यात आलेल्या दुसऱ्या टीमची एक. दोघांचा डेटा जोडायचा होता, पीअरिंग (दोन व्हीपीसी थेट जोडायची सोय) टाकलं, रिक्वेस्ट थेट फेल्ड. दोन्हीकडे १०.०.०.०/१६. दोघांनी पण तोच व्हिडिओ बघितला असणार. रेंज एकमेकांवर चढत असेल तर पीअरिंग होतच नाही, त्याला काही इलाज नाही. एक व्हीपीसी नव्याने बांधून सगळं तिकडे हलवायचं ठरलं, डेटाबेसचे स्नॅपशॉट घेऊन नव्या ठिकाणी उभे केले, ते सोपं होतं. त्रास कशाचा झाला तर कॉन्फिग फाईलमधे लोकांनी हाताने टाकलेल्या आयपींचा. विसर्जनाच्या आदल्या रात्री ढोलाचे आवाज येतायत, लक्ष्मी रोडच्या बाजूला राहणारा एकजण रस्ते बंद म्हणून ऑफिसलाच झोपायला आलेला, आणि आम्ही ग्रेप (फाईलमधे मजकूर शोधायची कमांड) मारून १०.०. ने सुरू होणारी प्रत्येक ओळ शोधतोय. त्या दिवसापासून मी कुठलाही सायडर वहीत लिहिल्याशिवाय टाईप करत नाही.

पहिलं काम: कुठल्या रेंज आधीच गेल्यात ते लिहा

खासगी वापराच्या रेंज तीनच: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. हे १९९६ च्या आरएफसी १९१८ मधे (इंटरनेटचे नियम लिहिलेला दस्तऐवज) ठरलंय आणि सगळं जग यातच राहतं, त्यामुळे धडक होणं साहजिक आहे. वहीच्या पहिल्या पानावर आपल्याकडे आज काय काय वापरात आहे ते लिहा. ऑफिसचं लॅन, व्हीपीएन, क्लायंटचं नेटवर्क (हे मेल टाकून विचारा, अंदाज नको), आधीच्या सगळ्या व्हीपीसी.

मग न दिसणारे. प्रत्येक अकाऊंटमधे जी डीफॉल्ट व्हीपीसी येते ती १७२.३१.०.०/१६ असते. डॉकरचा (ॲप कंटेनरमधे चालवायचं टूल) डीफॉल्ट ब्रिज १७२.१७.०.०/१६ घेतो आणि डॉकर कंपोजची नेटवर्क त्याच्या पुढचे नंबर घेत जातात. ईकेएसमधे (एडब्ल्यूएसची कुबरनेटीस सेवा, कुबरनेटीस म्हणजे कंटेनर सांभाळणारी यंत्रणा) तुम्ही काही सांगितलं नाही तर कुबरनेटीस सर्व्हिसेससाठी १०.१००.०.०/१६ नाहीतर १७२.२०.०.०/१६ यातली एक रेंज उचलली जाते. आणि घरचे राऊटर बहुतेक १९२.१६८.०.० नाहीतर १९२.१६८.१.० वर असतात, त्यामुळे व्हीपीसीला १९२.१६८ दिलं तर कोथरूडहून घरून काम करणाऱ्याचं व्हीपीएन लागलेलं दिसतं पण सर्व्हर सापडत नाही, कारण त्याचा लॅपटॉप तो आयपी घरातच शोधत बसतो. म्हणून माझं सरळ मत आहे, व्हीपीसीसाठी १७२ आणि १९२ च्या वाटेला जाऊच नका, १० मधला मधलाच कुठलातरी, लोकांना सहज न सुचणारा नंबर घ्या. १०.०, १०.१, १०.१०, १०.१०० हे सोडून.

आम्ही १०.४० घेतला. १०.४०.०.०/१६ प्रॉडक्शन, १०.४१.०.०/१६ स्टेजिंग, १०.४२.०.०/१६ डेव्ह, आणि १०.४३ ते १०.४७ वहीत राखीव म्हणून लिहून ठेवले. आज डेव्ह आणि प्रॉडक्शन जोडायचे नाहीयेत हे मान्य, पण उद्या मॉनिटरिंगसाठी, नाहीतर एखाद्या कॉमन टूलसाठी जोडावे लागतातच, तेव्हा तीन वेगळ्या रेंज असल्या की काम होऊन जातं. एडब्ल्यूएस व्हीपीसीच्या एका ब्लॉकसाठी /१६ पासून /२८ पर्यंतच देतं, म्हणजे /१६ हा सगळ्यात मोठा. खासगी आयपीचे पैसे लागत नाहीत, त्यामुळे जागा असताना /१६ घ्यायला संकोच करू नका. एखाद्या मोठ्या कंपनीत नेटवर्क टीम मोजून रेंज देते तिथे अर्थात त्या देतील तेवढ्यात बसवायचं.

चौकटी रंगवायची पद्धत

आता गणित. /१६ म्हणजे ६५,५३६ पत्ते. स्लॅशपुढचा आकडा एकने वाढला की जागा निम्मी, त्यामुळे /१७ म्हणजे ३२,७६८, /१८ म्हणजे १६,३८४, /१९ म्हणजे ८,१९२, /२० म्हणजे ४,०९६, आणि असं करत /२४ ला २५६ वर येतो. एवढं लक्षात राहिलं तरी पुष्कळ, पण ऐकून डोक्यात बसत नाही, म्हणून वही.

वहीत सोळा बाय सोळाचा मोठा चौरस आखा. आत २५६ घरं झाली. प्रत्येक घर म्हणजे एक /२४, आणि घराचा नंबर म्हणजे आयपीतला तिसरा आकडा, वरच्या डाव्या कोपऱ्यात ०, पहिल्या ओळीच्या शेवटी १५, दुसरी ओळ १६ पासून, असं खाली २५५ पर्यंत. आता मजा बघा, एक आख्खी ओळ म्हणजे सोळा घरं म्हणजे बरोब्बर एक /२०. दोन ओळी म्हणजे /१९. चार ओळी म्हणजे /१८. आठ ओळी, अर्धा चौरस, /१७. त्या मुलीने हे बघितलं आणि पेन माझ्या हातातून घेतलं, पुढचं सगळं तिनेच रंगवलं.

हद्दीचा नियम पण इथेच कळतो, जो पुस्तकात वाचून कळत नाही. /१९ हा दोन ओळींचा तुकडा असतो, पण कुठल्याही दोन ओळी चालत नाहीत, पहिली-दुसरी, तिसरी-चौथी अशाच जोड्या पाहिजेत, म्हणजे तो ०, ३२, ६४, ९६ अशाच नंबरवर सुरू होऊ शकतो. १०.४०.२०.०/१९ असं काही नसतंच. टाकलं तर काही टूल एरर देतात आणि काही गुपचूप मागच्या हद्दीवर आणून १०.४०.०.०/१९ करून टाकतात, आणि तुम्ही आपले २० पासून सुरू झालंय या समजात राहता.

अजून एक गोष्ट वहीच्या समासात लिहा: एडब्ल्यूएस प्रत्येक सबनेटमधे पाच पत्ते स्वतःकडे ठेवतं. पहिला नेटवर्कचा, दुसरा व्हीपीसीच्या राऊटरचा, तिसरा डीएनएससाठी, चौथा पुढे लागेल म्हणून, आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा (ब्रॉडकास्ट चालत नाही तिथे, तरी पत्ता राखीवच). त्यामुळे /२४ मधे हातात २५१ येतात, आणि /२८ मधे सोळातले फक्त अकरा.

झोन आणि थर

एडब्ल्यूएसचा सबनेट एकाच अव्हेलेबिलिटी झोनमधे (रीजनमधला बाकीच्यांपासून वेगळा ठेवलेला डेटा सेंटरचा भाग) राहतो, दोन झोनवर पसरत नाही. मुंबईला तीन झोन आहेत. एक झोन बसला तर दुसऱ्यावर काम चालावं म्हणून प्रत्येक प्रकारचा सबनेट प्रत्येक झोनमधे एक असा पाडायचा. तीन झोन नको असतील तरी किमान दोन लागतातच, कारण ॲप्लिकेशन लोड बॅलन्सर (येणाऱ्या रिक्वेस्ट सर्व्हरमधे वाटणारा) दोन झोनचे सबनेट मागतो आणि आरडीएसचा (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) सबनेट ग्रुप पण किमान दोन झोन मागतो.

थर आम्ही तीन ठेवतो. पब्लिक, ज्यात फक्त लोड बॅलन्सर आणि नॅट गेटवे (तो काय ते पुढे येतंय). ॲप, ज्यात आपला सगळा कोड. डेटा, ज्यात डेटाबेस आणि कॅश. आता जागा कुणाला जास्त द्यायची? सगळ्यांना सारखी वाटू नका, हीच चूक सगळ्यात जास्त दिसते, नऊ सबनेट आणि सगळे /२४. पब्लिकमधे मोजून पाच-दहा गोष्टी असतात, डेटामधे तशाच. ॲपमधे मात्र गर्दी होते, त्यात ईकेएस असेल तर विचारूच नका, कारण एडब्ल्यूएसच्या डीफॉल्ट नेटवर्क प्लगिनमधे प्रत्येक पॉड (कुबरनेटीसमधे ॲप चालतं तो सगळ्यात लहान तुकडा) सबनेटमधला खरा आयपी घेतो, आणि नोड (पॉड ज्यावर चालतात ती मशीन) पुढे लागतील म्हणून आयपी आधीच धरून पण ठेवतात. ॲपचा /२४ असेल तर सेलच्या दिवशी ऑटोस्केलिंग नवीन नोड आणतं आणि पॉड आयपी नाही म्हणून लटकून राहतात. सीपीयू रिकामा, मेमरी रिकामी, आणि पत्ता नाही म्हणून काम बंद, हे बघायला फार वाईट वाटतं.

म्हणून आमच्या चौरसात प्रत्येक झोनला चार ओळी, म्हणजे एक /१८. त्यातल्या पहिल्या दोन ओळी आख्ख्या ॲपला. तिसऱ्या ओळीचं पहिलं घर पब्लिकला, दुसरं डेटाला. बाकी पांढरं सोडलं. सगळ्यात खालच्या चार ओळी, १०.४०.१९२.०/१८, कुणालाच नाही. वहीतलं पान असं दिसतं:

झोन ए: ॲप १०.४०.०.०/१९, पब्लिक १०.४०.३२.०/२४, डेटा १०.४०.३३.०/२४
झोन बी: ॲप १०.४०.६४.०/१९, पब्लिक १०.४०.९६.०/२४, डेटा १०.४०.९७.०/२४
झोन सी: ॲप १०.४०.१२८.०/१९, पब्लिक १०.४०.१६०.०/२४, डेटा १०.४०.१६१.०/२४

ॲपच्या एका सबनेटमधे ८,१८७ पत्ते झाले, पुरे. आणि पांढरी घरं बघून कुणी म्हणेल एवढी जागा वाया का घालवली, तर ती वाया नाहीये, पुढच्या वर्षी कुणी लॅम्डासाठी (सर्व्हर न सांभाळता कोड चालवायची सेवा) वेगळा सबनेट मागेल, ट्रान्झिट गेटवेसाठी (बऱ्याच व्हीपीसी एका ठिकाणी जोडणारा) छोटे सबनेट लागतील, तेव्हा तिथूनच द्यायचेत.

झोनबद्दल एक सांगायचं राहिलं. मुंबईसारख्या जुन्या रीजनमधे झोनचं नाव अकाऊंटप्रमाणे बदलू शकतं, तुमच्या अकाऊंटचा १ए हा दुसऱ्या अकाऊंटचा १बी असू शकतो. दोन अकाऊंटमधे सबनेट जुळवायचे असतील तर नाव बघू नका, झोन आयडी बघा, एपीएस१-एझेड१ अशा धर्तीचा असतो तो, आणि तो सगळीकडे एकच.

आता कन्सोल

उजव्या कोपऱ्यात रीजन मुंबई आहे ना ते आधी बघा. हे सांगायची गोष्ट नाही असं वाटेल, पण व्हर्जिनियात व्हीपीसी बनवून "माझी व्हीपीसी दिसत नाहीये" म्हणणारे मी बरेच बघितलेत.

व्हीपीसीच्या पानावर क्रिएट केलं की दोन पर्याय येतात, "व्हीपीसी ओन्ली" आणि "व्हीपीसी अँड मोअर". दुसऱ्यात सगळं एका फटक्यात बनतं, सबनेट, राऊट टेबल (कुठला ट्रॅफिक कुठे जायचा त्याची यादी), नॅट सगळं. तुम्हाला येत असेल तर तो वापरा, चांगला आहे. पण पहिल्या वेळेला "ओन्ली" घ्या, एकेक वीट हाताने लावली की बिघडल्यावर कुठली वीट काढायची ते कळतं. नाव द्या, १०.४०.०.०/१६ टाका, टेनन्सी डीफॉल्टच राहू द्या (डेडिकेटेड निवडलं तर बिल वाढतं). बनल्यावर लगेच व्हीपीसीच्या सेटिंगमधे जाऊन डीएनएस होस्टनेम्स चालू करा, या मार्गाने बनवलेल्या व्हीपीसीत ते बंद असतं आणि पुढे प्राईव्हेट एंडपॉइंट लावताना अडतं.

मग सबनेट. नऊच्या नऊ एकाच फॉर्ममधे भरता येतात. झोनच्या खान्यात "नो प्रेफरन्स" ठेवू नका, प्रत्येकाला झोन हाताने निवडा, नाहीतर वहीतला ए आणि खरा ए वेगळे होतात. नावं अशी द्या की वाचल्यावर सगळं कळावं: प्रॉड-ॲप-ए, प्रॉड-पब्लिक-बी. रेंज वहीतून एकाने वाचायची आणि दुसऱ्याने टाईप करायची, आम्ही तसंच केलं, सोळा-बत्तीसच्या भानगडीत डोळा चुकतोच.

इथपर्यंत आलात आणि नऊ सबनेट दिसतायत. यातला पब्लिक कुठला? अजून कुठलाच नाही. नावात पब्लिक लिहिलं म्हणून सबनेट पब्लिक होत नाही, सबनेटमधे तसं काही बटणच नसतं. ज्या सबनेटच्या राऊट टेबलमधून इंटरनेट गेटवेकडे (व्हीपीसीचं बाहेरच्या इंटरनेटकडचं दार) रस्ता जातो तो पब्लिक, बाकीचे प्राईव्हेट, एवढाच फरक. एकदा हे पक्कं डोक्यात बसलं की नेटवर्कमधल्या निम्म्या अडचणी स्वतःच्या स्वतः सोडवता येतात.

रस्ते

इंटरनेट गेटवे बनवा आणि व्हीपीसीला अटॅच करा. नुसता बनवून सोडला तर तो डीटॅच्ड म्हणून पडून राहतो. त्याचे वेगळे पैसे नाहीत.

राऊट टेबल आपल्याला पाच बनवायचीत. व्हीपीसीबरोबर एक मेन राऊट टेबल आपोआप येतं, त्याला हात लावायचा नाही. त्यात फक्त लोकल राऊट असतो, म्हणजे १०.४०.०.०/१६ आतल्या आत, आणि ते तसंच राहू द्यायचं. कारण जो सबनेट तुम्ही कुठल्याच टेबलला जोडत नाही तो गुपचूप मेनला जोडलेला असतो. मेनमधेच इंटरनेटचा रस्ता टाकून ठेवला तर उद्या कुणी घाईत सबनेट बनवला, जोडायला विसरला, की तो थेट रस्त्यावर उघडा. मेन बंद ठेवलं तर विसरलेल्या सबनेटचं फार तर नेट चालणार नाही, तेवढं चालतं.

पहिलं टेबल पब्लिकचं: त्यात ०.०.०.०/० चा राऊट, टार्गेट इंटरनेट गेटवे, आणि तिन्ही पब्लिक सबनेट याला जोडायचे. मग ॲपची तीन टेबलं, झोनप्रमाणे एकेक. आणि डेटाचं एक, ज्यात काहीच वाढवायचं नाही, डेटाबेसला बाहेरच्या जगाशी बोलायचं कारण नाही.

आता नॅट गेटवे. ॲपच्या सर्व्हरना पॅकेज अपडेट करायला, पेमेंट गेटवेशी बोलायला बाहेर जावं लागतं, पण बाहेरून कुणी आत येऊ नये, त्यासाठी हा. सोसायटीत जसं आतून कुणीही रिक्षा बोलवून जाऊ शकतो पण बाहेरचा गेटवरच थांबतो तसं. तो ठेवायचा पब्लिक सबनेटमधे. हे परत लिहितो कारण नाव वाचून लोक तो प्राईव्हेट सबनेटमधेच ठेवतात आणि मग काहीच चालत नाही: सेवा प्राईव्हेटवाल्यांची, पण मुक्काम पब्लिकमधे, कारण त्याला स्वतःला बाहेर जायला इंटरनेट गेटवेचा रस्ता लागतो. इलॅस्टिक आयपी (आपल्या नावावर राहणारा न बदलणारा पब्लिक आयपी) द्या, स्टेटस अव्हेलेबल व्हायला दोन-चार मिनिटं लागतात, मग ॲप-एच्या टेबलमधे ०.०.०.०/० चं टार्गेट झोन एचा नॅट, बीमधे बीचा, सीमधे सीचा.

तीन नॅट घ्यायचे का एक? नॅटला तासाचे पैसे लागतात आणि त्यातून जाणाऱ्या प्रत्येक जीबीचे वेगळे. प्रॉडक्शनला तीन घ्या, एक झोन गेला की त्यातला नॅट पण जातो, आणि एकच असेल तर बाकी दोन झोन जिवंत असून बाहेर जाऊ शकत नाहीत. डेव्हला एक पुरतो, तिथे तीन घेणं म्हणजे पैसे ओतणं आहे. शिवाय १ फेब्रुवारी २०२४ पासून एडब्ल्यूएस प्रत्येक पब्लिक आयपीव्ही४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर लावतं, महिन्याला साधारण ३.६५ डॉलर, एकाचे काही वाटत नाहीत पण प्रत्येक सर्व्हरला पब्लिक आयपी द्यायची सवय असलेल्या टीमचं बिल त्यावरून कळतं.

आणि एस३ चा (एडब्ल्यूएसची फाईल साठवायची सेवा) गेटवे एंडपॉइंट, म्हणजे एस३ कडे जायचा आतला रस्ता, याच वेळी लावून टाका, ॲपच्या तिन्ही टेबलांना जोडा. तो फुकट आहे. तो नसेल तर एस३ ला जाणारा सगळा डेटा, बॅकअप, लॉग, इमेजेस, नॅटमधून जातो आणि जीबीमागे पैसे पडतात. एंडपॉइंट लावला की राऊट टेबलमधे एस३ साठी वेगळी ओळ आपोआप येते, आणि राऊटिंगमधे जास्त नेमका रस्ता आधी निवडला जातो, त्यामुळे ०.०.०.०/० असला तरी एस३ चा ट्रॅफिक तिकडूनच जातो.

कुलपं

सिक्युरिटी ग्रुप (मशीनपाशी कुणाला आत घ्यायचं त्याचे नियम) आणि एनएसीएल (तसेच नियम, पण आख्ख्या सबनेटसाठी), यातला ग्रुपच नीट करा. लोड बॅलन्सरच्या ग्रुपला ४४३ सगळ्यांसाठी उघडं. ॲपच्या ग्रुपला ॲपचा पोर्ट, पण सोर्स म्हणून आयपी न टाकता लोड बॅलन्सरचा ग्रुपच निवडा. डेटाबेसच्या ग्रुपला ५४३२ नाहीतर ३३०६, सोर्स ॲपचा ग्रुप. आयपी लिहिला नाही की आयपी बदलला म्हणून कधी तुटत नाही. बाणेरला हे आधी केलं असतं तर ती विसर्जनाची रात्र थोडी तरी लहान झाली असती.

एनएसीएल डीफॉल्ट राहू द्या, त्यात सगळं चालू असतं. स्वतःचं बनवलं तर ते सगळं बंद करून सुरू होतं, आणि ते गेलेलं कनेक्शन लक्षात ठेवत नाही, त्यामुळे उत्तर परत यायला १०२४ ते ६५५३५ पोर्ट वेगळे उघडावे लागतात. ऑडिटवाले मागत नसतील तर या फंदात पडू नका.

तपासणी

झालं असं म्हणायच्या आधी प्रॉड-ॲप-एमधे एक छोटं इन्स्टन्स उभं करा, पब्लिक आयपी न देता, सेशन मॅनेजरने (ब्राऊझरमधूनच मशीनमधे शिरायची एडब्ल्यूएसची सोय) आत जा (त्याचा आयएएम रोल, म्हणजे परवानगी, लावायला विसरू नका). आपला पब्लिक आयपी दाखवणारी कुठलीही साईट कर्ल करा (कमांड लाईनवरून उघडा), उत्तरात झोन एच्या नॅटचा इलॅस्टिक आयपी आला पाहिजे. बी आणि सीमधे पण तेच करा, प्रत्येक ठिकाणी वेगळा आयपी यायला पाहिजे. आमच्याकडे सीमधे एचाच आयपी आला, म्हणजे नेट चालू होतं, कुणाला काही कळलं नसतं, पण राऊट टेबल जोडताना ॲप-सी चुकून एच्या टेबलला लागला होता. झोन ए बसला असता तेव्हा समजलं असतं. त्या नवीन मुलीने स्वतः शोधलं ते, पाच मिनिटांत, वहीतल्या पानावर बोट ठेवून.

चालत नसेल तर आधी एवढं बघा की एरर काय आहे. टाईमआऊट येत असेल तर पॅकेट पोचतच नाहीये, राऊट नाहीतर सिक्युरिटी ग्रुप. कनेक्शन रिफ्यूज्ड येत असेल तर बहुतेक रस्ता बरोबर आहे, मशीनपर्यंत पोचलात, तिथे त्या पोर्टवर काही चालू नाहीये, ते नेटवर्कचं काम नाही. तरी सापडलं नाही तर फ्लो लॉग (नेटवर्कमधल्या ट्रॅफिकची नोंद) चालू करा, त्यात प्रत्येक ओळीत ॲक्सेप्ट का रिजेक्ट ते लिहिलेलं येतं.

हाताने एकदा जमलं की मग टेराफॉर्ममधे (क्लाऊडची मांडणी कोडमधे लिहायचं टूल) लिहा, त्यात सायडरसबनेट नावाचं फंक्शन आहे ते चौकटीचं गणित स्वतः करतं. फक्त सबनेट काऊंटवर न फिरवता फॉर-ईचवर, नावाने फिरवा. काऊंटमधे यादीच्या मधे एक झोन घुसवला की पुढच्या सगळ्यांचे नंबर सरकतात आणि टेराफॉर्म चालू सबनेट पाडून नवीन बांधायला निघतं.

ॲझ्युर आणि गूगलवाल्यांसाठी

ॲझ्युरचं सेंट्रल इंडिया रीजन आपल्या पुण्यातच आहे, त्यामुळे इथल्या बऱ्याच टीम तिकडे असतात. तिथे नेटवर्कला व्हीनेट म्हणतात आणि सबनेट आख्ख्या रीजनभर पसरतो, झोनप्रमाणे पाडावा लागत नाही, म्हणजे वरच्या नऊच्या जागी तीनच. पाच पत्ते तिथे पण राखीव. गूगलमधे व्हीपीसी जगभर एकच असते, सबनेट रीजनचा असतो, मुख्य रेंजमधले चार पत्ते राखीव जातात, आणि तिथे सबनेट नंतर मोठा करता येतो, लहान मात्र नाही. वही तिन्हीकडे तीच चालते.

हे सगळं सरावासाठी करत असाल तर संध्याकाळी आवरून झोपा. आधी टेस्टची इन्स्टन्स बंद करून टर्मिनेट करा, मग नॅट गेटवे डिलीट करा, ते पूर्ण डिलीटेड दिसेपर्यंत थांबा, आणि मग इलॅस्टिक आयपी रिलीज करा. नॅट गेला तरी आयपी तुमच्या नावावर तसाच राहतो आणि त्याचं मीटर चालू असतं, त्यामुळे ती यादी रिकामी झालेली डोळ्यांनी बघा. सबनेट, राऊट टेबल, इंटरनेट गेटवे पडून राहिले तरी त्यांचं बिल येत नाही, ते सकाळी काढले तरी चालेल.